रणपिसे साहेबांचा घाट

रणपिसे साहेब वेफर्सचं रिकामं पाकीटसुद्धा जिवंत तोफगोळा असल्यासारखं उचलतात. आधी दोन पावलं अलीकडे थांबतात. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून पाहतात. मग हातातल्या लांब चिमट्यानं पाकिटाला हलकेच ढोसतात. काही हललं नाही, की गुडघ्यात वाकून ते धरतात आणि अंगापासून लांब ठेवून पोत्यापर्यंत नेतात. हे सगळं रविवारी सकाळी, मुळा नदीच्या काठावर, पुलाखालच्या जुन्या घाटावर चालतं. पुलावरून जाणारे स्कूटरवाले कधीकधी वेग कमी करून खाली बघतात. बहुतेक त्यांना वाटत असावं, काहीतरी सापडलं.

यात त्यांचा काही दोष नाही. साहेबांनी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. तिथं दुसऱ्यांदा चुकायची सोय नसते, असं ते सांगतात. नदीकाठी ती आहे, पण सवय गेली नाही. "आधी ओळखा, मग उचला," हे वाक्य ते दर रविवारी म्हणतात, आणि ज्याला ते पाठ आहे त्यालाच पुन्हा म्हणून दाखवायला लावतात.

'कचरा' हा शब्द त्यांना चालत नाही. ते 'माल' म्हणतात. "कचरा म्हटलं की माणूस बेफिकीर होतो. माल म्हटलं की हात सांभाळून चालतो." 'स्वच्छता मोहीम' म्हटलेलंही त्यांना आवडत नाही. मोहीम संपते, असं त्यांचं म्हणणं. ते घाटावर येतात ती 'ड्यूटी'.

मी त्यांच्या ड्यूटीवर कसा लागलो, ते सांगतो. सुधा, माझी बायको, गेली त्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. आमची सोसायटी बोपोडीच्या बाजूला, नदीपासून चालत जाण्यासारखी. रणपिसे साहेब माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. तोवर आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतीच होती. समाचाराला येणारे येऊन गेले होते. देवाची मर्जी, आता स्वतःला जपा, वाचनात मन रमवा, हे सगळं ऐकून झालं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे वाचनाचा सल्ला मला जरा जास्तच मिळाला. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात रणपिसे साहेब. पायात गमबूट, डोक्यावर टोपी, हातात कोरे रबरी हातमोजे.

"वाकता येतं का?" त्यांनी विचारलं.

"कशासाठी?"

"येतं का, ते सांगा. कशासाठी ते नंतर."

"येतं."

"मग हे घाला. मोठ्या मापाचे आहेत. लिफ्टचं बटण दाबताना तुमचा पंजा पाहिला होता मी."

समाचाराचं एक अक्षर ते बोलले नाहीत. आजतागायत बोललेले नाहीत. मी हातमोजे घेतले आणि त्यांच्यामागून जिना उतरलो. त्या दिवसापासून ते मला 'ग्रंथपाल' म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

पहिल्या रविवारी मी भरलेलं पोतं त्यांनी नापास केलं. बांधलेलं पोतं उलटं धरून झटकायचं, गाठीतून काही पडलं तर नापास, ही त्यांची चाचणी. माझ्या पोत्यातून एक उदबत्तीचं खोकं आणि बरीच माती पडली. "ही गाठ पुस्तकांच्या गठ्ठ्याला ठीक आहे," ते म्हणाले. "पुस्तकं पळून जात नाहीत." आमच्या गटात मेहेंदळेबाई आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. माझी सहा पोती नापास झाली होती. सातव्याला मी त्यांना सांगितलं, की यापुढे नापास पोती तुमच्या दारात आणून ठेवीन. मग पास व्हायला लागली."

साहेबांचा आवाज कधी चढत नाही. एकदा एक गृहस्थ पुलावर गाडी थांबवून कठड्यावरून निर्माल्याची पिशवी खाली सोडत होते. भलीमोठी, गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. ती आमच्यापासून थोड्या अंतरावर चिखलात पडली. साहेब गेले, त्यांनी पिशवी ओळखली, उचलली, फुलं एका टोपलीत ओतून घेतली, रिकामी पिशवी झटकून घडी केली आणि पायऱ्या चढून पुलावर गेले. गृहस्थ गाडी सुरू करत होते.

"अहो, आपली पिशवी राहिली."

"मी निर्माल्य टाकलं. पिशवी नको मला."

"निर्माल्य देवाचं. पिशवी कुठल्या देवाला वाहिली होतीत?"

गृहस्थांनी पिशवी खिशात घातली. साहेब म्हणाले, "तिकडे कोपऱ्यात कलश ठेवलाय महापालिकेनं. पुढच्या वेळी इतक्या उंचावरून नेम धरायला नको."

पण निर्माल्याला आणि देवांना ते स्वतः ज्या रीतीनं हात लावतात, ते बघण्यासारखं असतं. घाटावर देवांच्या तसबिरी खूप येतात. काच फुटली, चौकट सुटली, घर बदललं, की लोक त्या नदीकाठी आणून ठेवतात. साहेब त्यांना चिमटा लावत नाहीत. दोन्ही हातांनी उचलतात, फडक्यानं पुसतात आणि वेगळ्या खोक्यात उभ्या ठेवतात, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीला लागणार नाही अशा बेतानं. ते बौद्ध. घरात एका फळीवर लहानशी बुद्धमूर्ती, बाजूला त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा फोटो. बाकी भिंती मोकळ्या. मेहेंदळेबाईंनी एकदा विचारलं, "रणपिसे, तुम्ही तर देव मानत नाही."

"मी मानत नाही," ते म्हणाले. "ज्यानं भिंतीवर लावला होता तो मानत होता."

सुमनताईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल साहेब बोलत नाहीत. त्या होत्या तेव्हा साहेब घाटावर येत नसत, एवढं मला मेहेंदळेबाईंकडून कळलं.

आता एका रविवारबद्दल. खराडीतल्या एका कंपनीतून तीस-चाळीस तरुण मुलंमुली मदतीला यायची होती. त्यांच्या प्रमुख होत्या अनन्या नावाच्या बाई. बाई म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची मुलगी. सगळ्यांचे एका रंगाचे टीशर्ट, पाठीवर नदीचं चित्र. बसमधून केळ्यांची खोकी उतरली. साहेबांनी आधी केळी मोजायला सांगितलं, कारण जितकी केळी घाटावर येतील तितकी सालं परत जायला हवीत. मग त्यांनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि सूचना द्यायला सुरुवात केली.

काच कशी ओळखावी. सुई कशी ओळखावी. तार ओढायची नाही, कारण दुसऱ्या टोकाला काय आहे ते माहीत नसतं. साप दिसला तर त्याला जाऊ द्यायचं, तो इथला रहिवासी आहे. बाटलीचं बूच काढून पाणी सांडायचं, बूच परत लावायचं. गादी-उशी दिसली तर हात लावायचा नाही, साहेबांना बोलवायचं, माणूस गेल्यावर लोक अंथरूण इथं आणून टाकतात आणि त्यात इंजेक्शनच्या सुया निघतात. चिखलात पाय कसा टाकावा. चिखलातून पाय कसा काढावा. उन्हात बसलेली दोन मुलं डोळे उघडे ठेवून झोपली. शेवटी मेहेंदळेबाई म्हणाल्या, "रणपिसे, आता कामाला लागू द्या, नाहीतर यांचा सोमवार इथंच उजाडेल."

"एकच राहिलं," साहेब म्हणाले. "खाण्याचं काही दिसलं की ओल्याच्या पोत्यात. तिथं विचार करत बसायचं नाही."

मुलं कामाला लागली आणि खरोखर चांगली लागली. टोळीटोळीनं काठावर पसरली. साहेब गाळात रुतलेलं ट्रकचं टायर काढायला चार धट्टीकट्टी मुलं घेऊन वरच्या अंगाला गेले. मी त्यांच्याबरोबर होतो.

घाटाच्या खालच्या टोकाला दहाव्याचे विधी होतात. ते टोक दर रविवारी साहेब स्वतःकडे घेतात. माणसं जाईपर्यंत लांब उभे राहतात, मग सगळं आवरतात. त्या टोकाबद्दल बोलायची वेळ आमच्यापैकी कुणावर आली नव्हती, म्हणून सूचनेतही ते आलं नाही.

त्या दिवशी तिथं एक कुटुंब आलं होतं. मूळचं मुळशीकडचं, मुलगा दापोडीला राहणारा. त्याचे वडील वारले होते. गुरुजींनी विधी संपवले, पायरीच्या कडेला पत्रावळीवर पिंड मांडले आणि सगळ्यांना मागे यायला सांगितलं. माणसं जवळ असली की कावळा येत नाही, म्हणून ती सगळी तिथल्या विधींच्या शेडच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं अनन्याची टोळी आली. त्यांना दिसलं ते असं: सुनसान पायरी, पत्रावळ, भात, काळे तीळ, दोन झेंडूची फुलं. खाण्याचं काही. विचार करत बसायचं नाही.

आरडाओरडा ऐकून आम्ही खाली धावलो.

"पिंड कुठंय?" मुलगा विचारत होता. त्याचं नाव दत्ता. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर पंचा.

"पिंड म्हणजे?" अनन्या म्हणाली.

"भात. हितं ठेवलेला भात."

"तो? तो आम्ही ओल्यात टाकला. म्हणजे, तिथं कुणीच नव्हतं, दादा. फुलं आणि भात दोन्ही बायोडिग्रेडेबल होतं, म्हणून..."

दत्ताची आई, शेवंताबाई, भिंतीला धरून खाली बसली. "कावळा यायच्या आदीच उचाललं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली असं वाटलं नाही.

साहेब गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले होते. त्यांनी अनन्याकडे बघितलं. ती रडायच्या बेतात होती. "सर, तुम्हीच म्हणालात, विचार करायचा नाही."

"म्हणालो," साहेब म्हणाले. मग दत्ताकडे वळले. "चूक या मुलांची नाही. सूचना माझी होती. सूचना अपुरी होती."

"सूचना कसली वो? माझा बाप गेलाय."

"हो," साहेब म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होतो.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करतो, त्याच्याकडून शिववून घेऊ. दोष नाही."

"गवताचा कावळा काय सांगनार मला?" शेवंताबाई म्हणाली. मग तिनंच सांगितलं. म्हातारा गाव सोडायला तयार नव्हता. तिनं हट्ट केला, पोराकडे जाऊ, नातवंडांत राहू. शहरात आल्यावर तो कमी बोलायला लागला आणि झटका आल्यावर त्याची वाचाच गेली. "माझ्यावर राग धरून गेलं का न्हाई, येवढंच मला बघायचं हाय. मंग गवत लावा न्हाईतर काय बी लावा."

पोत्यातला भात परत काढता येण्यासारखा नव्हता.

"भात नवीन लागेल," साहेब गुरुजींना म्हणाले. "मीठ?"

"मीठ नको. तीळ आहेत माझ्याकडे."

"मोकळा की आसट?"

"गोळा व्हायला हवा."

"माझ्याकडे तांदूळ आहेत," मी म्हणालो.

"तुमच्याकडे तांदूळ आहेत, ग्रंथपाल, पण तुम्ही डबा आणता. तुमच्या कुकरची रिंग कडक झाली असेल." मग ते शेवंताबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "भात मी करून आणतो. घर जवळ आहे. पण आमच्या घरचा असेल. मी रणपिसे. आम्ही बौद्ध. चालत असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा. उगाच वेळ जायला नको."

गुरुजी नदीकडे बघू लागले. दत्तानं गुरुजींकडे बघितलं. शेवंताबाईनं कुणाकडेच बघितलं नाही.

"तांदूळच हाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग आना."

साहेब गमबुटांसकट पळत गेले. ते पळू शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं. परत आले तेव्हा हातमोजे काढलेले, हातपाय धुतलेले, टॉवेलात गुंडाळलेलं गरम पातेलं छातीशी धरलेलं. गुरुजींनी पुन्हा पिंड केले. घाई असूनही नीट केले, हे सांगायला हवं. साहेबांनी खराडीच्या सगळ्या मंडळींना शेडच्या भिंतीआड ओळीनं बसवलं. फोन बंद. बोलायचं नाही. इतकी माणसं इतकी गप्प बसलेली त्यांच्या कंपनीतही कुणी पाहिली नसतील.

कावळा येईना.

दत्ता पुढे होऊन हात जोडून म्हणाला, "आबा, गावचं घर इकनार न्हाई." आम्ही वाट पाहिली. "आईला गावाला न्हेत जाईन." काही नाही. अनन्या माझ्या कानाशी कुजबुजली, "काका, त्यांना खायला काय आवडायचं?" शेवंताबाईला ते ऐकू गेलं. "भेळ," ती म्हणाली. टीशर्टवाला एक मुलगा उठून बोपोडीत धावत गेला. रविवारी सकाळी भेळ कुठली मिळायला, तो फरसाण घेऊन आला. तेही पत्रावळीवर ठेवलं. एक मुंगळा आला.

सुधाच्या वेळी पिंड ठेवून आम्ही मागे वळतो न वळतो तोच कावळा शिवला होता. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती, समाधानानं गेली. मी मान हलवली. थोडं काहीतरी राहायला हवं होतं, असं मला वाटत होतं. इथं भिंतीआड उभा राहून मी तेच आठवत होतो.

शेवंताबाई उठून दोन पायऱ्या खाली गेली. "म्या आनलं तुमाला हितं," ती पिंडांकडे बघत म्हणाली. "चुकलं म्हना. पर येऊन तर म्हना."

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढले होते. दोन काड्या हातात घेऊन ते थांबले होते. ऊन वर आलं होतं.

साहेब भिंतीपाशी उभे राहून नदीपलीकडे बघत होते. पलीकडच्या काठावर कुणीतरी कोंबडीच्या दुकानाची घाण आणून टाकतं. त्या ढिगावर कावळेच कावळे होते. उडत होते, भांडत होते, परत बसत होते.

"ग्रंथपाल," ते म्हणाले, "आपल्या काठावर कावळा शेवटचा कधी पाहिलात?"

मी आठवून पाहिलं. मी यायला लागलो तेव्हा कावळे पायांत यायचे. पोत्याला चोच मारायचे. मेहेंदळेबाईंच्या टोपीवर एकदा बसला होता. अलीकडे खरंच दिसले नव्हते.

"आपण त्यांच्यासाठी इथं काही ठेवलंच नाही," साहेब म्हणाले. "यायचं कशाला त्यांनी?"

ते वळले आणि ओल्या मालाच्या पोत्यांकडे गेले. सकाळपासून भरलेली, बांधलेली, तपासून पास केलेली पोती. त्यांनी पहिल्या पोत्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना. त्यांनी खिशातला चाकू काढून गाठ कापली, पोतं खांद्यावर घेतलं, घाटाच्या मधल्या पायरीवर गेले आणि सगळं ओतलं. कुजका पाव, भाताची ढेकळं, नारळाची भकलं, माशांची डोकी, केळ्याची सालं. मग चिमट्यानं ते पसरवलं, वरपासून खालपर्यंत, पिंडांच्या थोडं अलीकडे येईस्तोवर.

"रणपिसे, अहो, काय करताय?" मेहेंदळेबाई म्हणाल्या.

"माल जागेवर ठेवतोय."

ज्या माणसानं शेंगदाण्याचं टरफल खाली पडलं म्हणून मला पायऱ्या परत उतरायला लावलं होतं, तो आपल्या घाटावर घाण पसरत होता. एका मुलानं फोन वर धरला. "फोटो नाही," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. अनन्या उठली. तिनं दुसरं पोतं ओढत नेलं आणि त्यांच्या शेजारी ओतलं. त्यांनी एक माशाचं डोकं चिमट्यानं जरा पुढे सरकवलं.

मग सगळे परत भिंतीआड आले. वास आमच्यापर्यंत येत होता.

पहिला कावळा पुलाच्या खांबावर येऊन बसला. मान तिरकी करून त्यानं बराच वेळ पाहिलं. तो ओरडला. पलीकडून आणखी दोन आले, मग चार-पाच. ते पावावर पडले, माशांवर पडले. पिंडांकडे कुणी ढुंकून पाहीना. माशाचं डोकं सोडून कोण अळणी भात खाईल, असं माझ्या मनात आलं. शेवंताबाईनं दत्ताचं मनगट घट्ट धरलं होतं. एक कावळा, ज्याला बाकीचे माशाच्या डोक्यापाशी येऊ देत नव्हते, तो उड्या मारत मारत कडेकडेनं खाली आला. फरसाणाची एक शेव उचलून त्यानं टाकली. मग पत्रावळीच्या कडेवर उभा राहिला, मधल्या पिंडात चोच घातली, घास घेतला आणि उडाला.

"शिवला," गुरुजी म्हणाले आणि दर्भ परत पिशवीत ठेवले.

शेवंताबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. तिनं लुगड्याची धूळ झटकली. जाताना साहेबांपुढे थांबली. "दादा, तुमचा भात लागला बगा," ती म्हणाली. साहेबांनी हात जोडले. दत्तानं त्यांचा हात धरून सोडला.

खराडीची मंडळी आवरायला धावली, पण साहेबांनी त्यांना अडवलं. तुमची बस आली आहे, जा. केळ्याची सालं नेलीत का, ते बघा. अनन्या जाताना म्हणाली, "सर, पुढच्या रविवारी मी एकटी आले तर चालेल?" "वाकता येतं," ते म्हणाले, "ते पाहिलं मी. या." मेहेंदळेबाईही गेल्या. मी राहिलो.

आम्ही दोघं ओतलेलं सगळं परत भरत होतो. साहेब पायरी पायरी करत खाली येत होते. कावळे थोडं उडून परत बसत होते.

"तुमच्यात हे बरं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"विचारता येतं. शिवला, नाही शिवला. उत्तर मिळतं."

"तुम्हाला पटतं हे?"

"मुळीच नाही. कावळा भुकेला असतो, एवढंच आहे ते. माझ्या वडिलांनी हे सगळं सोडलं, ते बरोबरच केलं. मला कधी शंका आली नाही." त्यांनी एक नारळाचं भकल उचललं, पाहिलं, पोत्यात टाकलं. "पण विचारायची सोय होती."

मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो.

"ऑपरेशनच्या आधी सुमनला पाणी हवं होतं," ते म्हणाले. "द्यायचं नव्हतं. पलंगाला पाटी लावली होती तशी. तिनं पुन्हा मागितलं. मी तिला पाटी वाचून दाखवली." ते थांबले. "मग तिला आत नेलं. ती परत आली नाही."

"नियम बरोबरच होता," मी म्हणालो.

"होता ना. आजही बरोबर आहे. पाणी दिलं असतं तर चूकच झाली असती." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मी फक्त वाचून दाखवायला नको होती. नुसता हात धरून बसलो असतो तरी चाललं असतं."

पोती भरली, बांधली. साहेबांनी ती झटकून पाहिली नाहीत. पायऱ्या धुऊन झाल्या. पातेल्याच्या तळाशी थोडा भात उरला होता. मी पातेलं उचलून ओल्याच्या पोत्याकडे निघालो, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. दत्ताच्या माणसांनी मागे ठेवलेल्या पत्रावळींमधली एक कोरी त्यांनी उचलली, तिच्यावर भात काढला आणि ती खालच्या पायरीवर ठेवली. मग एक द्रोण घेतला, आपल्या पाण्याच्या बाटलीतून तो काठोकाठ भरला आणि भाताशेजारी, कलंडणार नाही असा, दोन खड्यांच्या मध्ये टेकवला.

"ऊन वाढलंय," ते म्हणाले. "पक्ष्यांना लागतं."

आम्ही दोघं एकेक पोतं घेऊन पायऱ्या चढलो. वर आल्यावर मी मागे वळून पाहायला लागलो, तशी त्यांनी माझ्या दंडाला धरून मला भिंतीच्या आड ओढलं.

"माणसं बघत असली की ते येत नाहीत," ते म्हणाले.